उसना ‘ळ’

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दुकानाचा जिना चढून काकू वर आल्या. आमचं दुकान बडोद्याच्या दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना जुन्या वाड्याचा, उंच पायऱ्यांचा. त्या दोन मिनिटं खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. मग कापडी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि त्याबरोबर एक सीडी, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली.

पुस्तक मी लगेच ओळखलं. काकूंच्या यजमानांच्या आठवणी, बहात्तर पानं. १९९९ साली आम्हीच जुळवून छापलेलं. सुरसागरच्या काठचं लहानपण, रावपुऱ्यातली शाळा, गणपतीतले मेळे, सगळं आहे त्यात.

“हे गं पुन्हा छापून हवंय,” काकू म्हणाल्या. “सव्वाशे प्रती पुरे. नातवंडं आता मोठी झाली, त्यांना द्यायच्यात. आणि पुन्हा टायपायची गरज नाही बरं का. फ्लॉपीवरून सीडीवर तूच उतरवून दिलं होतंस, मी जपून ठेवलंय.”

त्यांनी खरोखर जपली होती. सीडीवर एक ओरखडा नव्हता. ड्राइव्हमध्ये घातली, फायली दिसल्या, नावंही बरोबर. मांडणीचा तो जुना प्रोग्रॅम माझ्याकडे मागच्या खोलीतल्या एका जुनाट मशीनवर अजून आहे, तिथे नेऊन पहिलं प्रकरण उघडलं. पान आलं. समास जागेवर, पानाचा आकडा जागेवर, परिच्छेदाची सुरुवात जिथे हवी तिथे. आणि ओळींमध्ये मराठीचं एकही अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, टोपी घातलेले स्वर, बारीक चौकोन, असा सगळा मजकूर शेवटच्या पानापर्यंत.

काकू माझ्या खांद्यावरून बघत होत्या. “हे काय?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “काकू, हेच ते पुस्तक आहे. फक्त त्याची किल्ली आपल्याकडे नाही.”

ती किल्ली कशी गेली ते सांगायचं तर अण्णांपासून सुरुवात करायला हवी.

अण्णा, माझे वडील, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे. याच जागेत खाली तळमजल्यावर त्यांची ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, होती आणि भिंतीला लागून लाकडी केशी, म्हणजे खिळ्यांचे कप्पे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळाचे कार्यक्रम, दुकानांची बिलबुकं. बडोद्यात आम्हाला दक्षिणी म्हणतात. पण गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्मांचं, त्यामुळे गुजरातीचे खिळे वेगळे, देवनागरीचे वेगळे, इंग्रजीचे वेगळे. शाळेतून आले की मी स्टिकमधल्या, म्हणजे खिळे जुळवायच्या पट्टीतल्या, उलट्या ओळी वाचायचे आणि छापून झालेले खिळे परत ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचे. त्याला आम्ही ‘टाईप सोडणं’ म्हणायचो. चुकीच्या कप्प्यात पडलेला एक ‘भ’ पुढच्या पत्रिकेत ‘म’च्या जागी उभा राहायचा, म्हणून अण्णा त्या कामाला फार जपायचे.

पलीकडच्या गल्लीत एक हिंदी छापणारे प्रेसवाले होते. हिंदीच्या केशीत ‘ळ’ नसतो, निदान त्यांच्याकडे नव्हता. त्यांना कधी मराठी पत्रिका मिळाली की त्यांचा मुलगा यायचा, “अण्णा, थोडे ‘ळ’ द्या ना.” अण्णा मूठभर ‘ळ’ मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचे. दोन दिवसांनी ती पुडी परत यायची, शाई लागलेली. एकदा दोन ‘ळ’ कमी आले तर त्यांनी बदल्यात चार पूर्णविराम दिले. अण्णांनी ते हसत ठेवून घेतले.

तो व्यवहार तेव्हा मला अगदी साधा वाटायचा. आता वाटतं, त्यात सगळं आहे. खिळे आमचे होते. ते कुणाला द्यायचे, कसे वापरायचे, झिजले तर काय करायचं, हे विकणाऱ्याला विचारावं लागत नव्हतं.

१९९८ साली अण्णांनी ट्रेडल विकली. गावात एकामागून एक ऑफसेट आणि डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवणं, येत होतं आणि खिळ्यांच्या पत्रिका कुणाला नको होत्या. खिळे किलोवर गेले. शिसं, कथील आणि अँटिमनी यांचा तो मिश्रधातू वितळवून पुन्हा उपयोगी पडतो, म्हणून भाव मिळाला. अख्खी हयात वापरलेल्या वस्तूचं मरणानंतरही काहीतरी मोल होतं. ते पैसे आणि ट्रेडलचे पैसे मिळून एक कॉम्प्युटर आला, एक लेझर प्रिंटर आला आणि देवनागरी-गुजराती टायपिंगचं एक विकतचं सॉफ्टवेअर आलं. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या धंद्यात तेव्हा बहुतेकांकडे याच जातीचं काही ना काही होतं.

त्या सॉफ्टवेअरबरोबर एक लॉक यायचं. आगपेटीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, दोन बाजूंना पिना. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टात आधी हे लॉक खोचायचं आणि त्याच्या पाठीवर प्रिंटरची केबल. लॉक असेल तरच मराठी उमटायचं. अण्णा रोज रात्री ते काढून तिजोरीत ठेवायचे. हरवलं तर पुन्हा पूर्ण किंमत, असं देणाऱ्याने बजावलं होतं.

मी हे तक्रारीसाठी सांगत नाही. त्या सॉफ्टवेअरने आम्हाला तेरा वर्षं भाकरी दिली. अक्षरं देखणी होती, जोडाक्षरं सुबक होती आणि ज्यांनी ती काढली त्यांनी मेहनत केली होती. पैसे देऊन घेतलं याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्या काळात बाकीचं काहीच कुणी पैसे देऊन घेत नव्हतं.

हेही इथे सांगून टाकायला हवं. मोफत, मुक्त (म्हणजे कुणालाही उघडून बघता, बदलता, वाटता येणारं) की विकतचं, अशी चर्चा आपण करतो तेव्हा चौथा प्रकार बोलायचा राहून जातो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चालला तो तोच. मशीन जोडून देणारा माणूस सोबत एक सीडी द्यायचा, तिच्यात चित्रांचा प्रोग्रॅम, मांडणीचा प्रोग्रॅम, ऑफिस, सगळं. आमच्याही मशीनवर होतं. अण्णांना ते चोरीचं आहे हे माहीतच नव्हतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. त्याची बोचणी आहे. पण बोचणीपेक्षा मोठी गोष्ट मला पुढे कळली. चोरीची प्रत ज्याला हातात मिळते तो दुसरं काही शोधतच नाही. आमच्या सगळ्या पिढीचे हात त्या दोन-चार महागड्या प्रोग्रॅमच्या बटणांवर बसले, शिकवणी घेणारे तेच शिकवू लागले, छापखाने त्याच फायली मागू लागले. मग परवान्याची विचारणा व्हायला लागली, धाडींची भीती आली, तेव्हा विकत घेण्यावाचून मार्ग नव्हता. मोकळं सॉफ्टवेअर तोपर्यंत जगात होतं, चांगलं होतं, पण आपल्या बाजारात त्याला कुणी दारातही उभं केलं नाही.

२०११ मध्ये लॉक मेलं. आधीच्या वर्षी कॉम्प्युटर बदलला तर नव्या मशीनला तो पोर्टच नव्हता, म्हणून मराठीसाठी जुनं मशीन ठेवलं होतं. एका सकाळी त्यावर मराठी उमटेना. कंपनीला फोन केला. समोरची मुलगी नम्र होती. ही आवृत्ती आता आम्ही सांभाळत नाही, नवी घ्या, तिचं लॉक यूएसबीचं आहे, असं तिने सांगितलं. मी विचारलं, जुन्या फायली नव्यात उघडतील का? तिने सांगितलं, काही उघडतील. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आपण विकत काय घेतलं होतं?”

याचं उत्तर परवान्याच्या कागदावर होतं, आणि तो कागद मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. आम्ही वापरायची परवानगी घेतली होती. खिळे घेतले नव्हते.

त्यात फायलींचं दुखणं वेगळंच. त्या काळची मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असायची. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी ‘के’ आहे, पण फाँट त्यावर ‘क’चं किंवा अर्ध्या ‘त’चं चित्र रंगवतो. कुठल्या जागेवर कुठलं चित्र, हा तक्ता प्रत्येक कंपनीचा निराळा. फाँट गेला की चित्र गेलं, खाली उरतो तो ‘के’ आणि डॉलर. काकूंच्या सीडीवर तेच उरलं होतं.

युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच प्रमाणाने हे बदललं. १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीसाठी त्यात १२८ जागांचा पट्टा आहे. त्याची रचना भारतातल्या इस्की या प्रमाणावरून घेतलेली. इथे ‘क’ म्हणजे ‘क’, कुठल्याही फाँटात, कुठल्याही मशीनवर. पण अक्षर साठवणं वेगळं आणि ते कागदावर नीट उभं करणं वेगळं. माझ्याकडे याची एक परीक्षा आहे. कुठलाही नवा प्रोग्रॅम आला की मी त्यात पहिल्यांदा एक शब्द टाइप करते: कीर्तिमंदिर. आपल्या गायकवाडांचं स्मारक, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत ते. या एका शब्दात मराठीचे बहुतेक नखरे आहेत. साठवताना अकरा जागा लागतात: क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त, ऱ्हस्व वेलांटी, म, अनुस्वार, द, ऱ्हस्व वेलांटी, र. पण कागदावर ‘त’च्या नंतर साठवलेली वेलांटी ‘त’च्या आधी आली पाहिजे, आणि ‘त’च्या आधी साठवलेला ‘र’ रफार होऊन त्याच्या डोक्यावर चढला पाहिजे. हा फेरफार करणारा एक भाग प्रोग्रॅमच्या पोटात असावा लागतो. तो नसेल तर शब्दाची दैना होते.

भाच्याने २०१० च्या सुमाराला मला स्क्रायबस दाखवलं. पानांच्या मांडणीचा हा मुक्त प्रोग्रॅम, फ्रान्झ श्मिड यांनी २००१ च्या सुमारास सुरू केलेला. छपाईचे चार रंग त्याला नीट कळत होते, पीडीएफ छान करत होता. मी आनंदाने कीर्तिमंदिर टाइप केलं. वेलांट्या उलट्या बाजूला पडल्या, रफार चढलाच नाही, ‘र’चा पाय मोडून तो तिथेच बसून राहिला. भाचा ओशाळला. मी त्याला म्हटलं, अरे, इंग्रजी छापणाऱ्याला हे चालेल, माझी पत्रिका यात कशी करू? आणि मी विकतच्याकडे परत गेले, नव्या परवान्याचे पैसे भरून. मुक्त सॉफ्टवेअरवर माझं प्रेम आहे म्हणून मी गिऱ्हाइकाच्या लेकीचं नाव मोडक्या अक्षरात छापू शकत नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअरचे कैवारी पुष्कळदा ही गोष्ट मान्य करत नाहीत. आजही माझ्या टेबलावर एक विकतचा प्रोग्रॅम आहे, फोटोंच्या रंगदुरुस्तीसाठी. गिम्प मी वापरते, १९९६ पासून लोकांपुढे असलेला तो फोटोंचा सुरेख मुक्त प्रोग्रॅम आहे, पण छपाईच्या चार रंगांत थेट काम करणं ही त्याची जुनी उणीव आहे. शालूचा मोरपंखी पडद्यावर एक दिसतो, कागदावर दुसराच येतो. नवरीची आई तो कागद शालूला लावून बघते. तिथे मला बिनचूकच लागतं, आणि बिनचूक देणाऱ्याला पैसे देताना माझा हात आखडत नाही.

मात्र फुकटच्या प्रोग्रॅमबद्दल माझं मत कडक आहे. फुकट, पण आतून बंद, ज्याला फ्रीवेअर म्हणतात. हा शब्द १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी त्यांच्या पीसी-टॉक या प्रोग्रॅमसाठी काढला. त्यांचा बेत असा की प्रत घ्या, वाटा, आवडलं तर पैसे पाठवा. फार दिलदार कल्पना होती. पुढे शब्द राहिला आणि अर्थ सरकला. सगळेच वाईट असं मी म्हणणार नाही. इरफान स्किल्यन यांचा इरफानव्ह्यू १९९६ पासून चालू आहे, चित्रं बघायला त्याच्याइतका चपळ प्रोग्रॅम नाही, आणि घरगुती वापराला फुकट, धंद्याला पैसे, हे ते स्वच्छ सांगतात. मी ते पैसे भरले आहेत.

पण दुसरा एक होता, फॉर्म लावायचा. पुस्तकाची सोळा पानं एका मोठ्या कागदावर अशी बसवायची की घडी घातल्यावर क्रम लागला पाहिजे. डोक्याने करायला त्रासाचं काम, आणि हा प्रोग्रॅम दोन मिनिटांत करायचा. फुकट. मी पाच वर्षं वापरला. एका मंडळाचा वार्षिक अंक छापायला जायच्या आदल्या रात्री त्याने स्वतःला नवीन करून घेतलं आणि प्रत्येक पानाच्या मधोमध तिरक्या राखाडी अक्षरांत आपलं नाव छापू लागला. काढायचं तर महिन्याला पैसे. बरं, पैसे द्यायला मी तयार होते, पण त्या परदेशी दारात माझं कार्ड चालेना. रात्री दीड वाजता कागदाच्या घड्या घालून, अण्णांनी शिकवलेल्या पद्धतीने, हाताने पानं लावली.

फुकटच्यात माझी अडचण ही आहे. विकत देणाऱ्याला निदान विचारता येतं. मुक्त असेल तर दुसरा कुणी तरी ते उचलून पुढे नेतो. फुकट-बंदचं कुणाला विचारायचं? फोटो लावून ठेवायचं पिकासा २०१६ मध्ये गूगलने बंद केलं तेव्हा मशीनवर असलेलं चालत राहिलं खरं, पण त्यापुढे त्याला वालीच नव्हता.

उलट मुक्ताचं उदाहरण बघा. ओपनऑफिस, पत्रं-हिशोबांचं मुक्त सॉफ्टवेअर, सन नावाच्या कंपनीचं होतं. ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. नव्या मालकाचा रोख काय असेल या काळजीने बनवणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांनी त्याच वर्षी सप्टेंबरात प्रोग्रॅमचा सगळा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, घेऊन वेगळी चूल मांडली. तेच लिब्रेऑफिस. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण परवाना पहिल्यापासून तसाच होता. मी तेव्हा ओपनऑफिसवर हिशोब ठेवत होते. एका दुपारी लिब्रेऑफिस उतरवलं, फायली जशाच्या तशा उघडल्या, आणि संध्याकाळची कामं वेळेवर झाली. मालक बदलला याची मला झळ लागली नाही.

ही मोकळीक कुठून आली याची गोष्ट मला माझ्या धंद्याची म्हणून फार जवळची वाटते. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर होते. तिथे झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर, माणसं आपापल्या जागी, आणि कागद अडकला हे कुणाला कळायचं नाही. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमननी दुरुस्ती केली होती, कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जायचा. याच्यातही तेच करावं म्हणून त्यांनी दुसऱ्या विद्यापीठात एकाकडे मूळ मजकूर मागितला. त्याने तो द्यायचा नाही असा करार केला होता, म्हणून नाही म्हणाला. त्या नकाराची सल राहिली आणि इतर गोष्टींबरोबर तिने पुढे काम केलं. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे जीपीएल परवाना आला: चालवा, उघडून बघा आणि बदला, प्रती वाटा, बदललेलंही वाटा. ‘ओपन सोर्स’ हे नाव नंतरचं, १९९८ मधलं, ख्रिस्तीन पीटरसन यांनी सुचवलेलं. अडकलेल्या कागदावर हळहळणारा माणूस मला लगेच कळतो. मूठभर ‘ळ’ मागायला आलेला मुलगा आणि नाही म्हणणारे अण्णा, असं चित्र मी मनात उभं करून बघते तर ते उभंच राहत नाही.

बडोद्यात वाढलेल्याला हे समजायला फार लांब जावं लागू नये. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग शिकलेल्यांनी वाचायचं काय, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. मांडवीजवळच्या आपल्या सेंट्रल लायब्ररीतली ती काचेची जमीन, खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून घातलेली, मी लहानपणी तिच्यावर पाय ठेवायला घाबरायचे. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. वाचणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही. पण पुस्तकं आकाशातून पडली नव्हती, दरबार पैसे देत होता, कुणी बांधणी करत होतं, कुणी नोंदी ठेवत होतं.

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगावंसं वाटतं. त्यामागे कुणाच्या तरी रात्री आहेत. मी वर्षातून एकदा, दसऱ्याला, यंत्रांची पूजा झाली की दोन प्रकल्पांना पैसे पाठवते. रक्कम मोठी नाही, पण विकतच्या परवान्याला ज्या खात्यातून दिले असते त्याच खात्यातून काढते.

आणि पैशाशिवायही देता येतं हे मला उशिरा कळलं. एका मोकळ्या परवान्याच्या फाँटमध्ये ‘बऱ्हाणपूर’ लिहिलं की ‘ऱ’ची ती चंद्रकोरीसारखी रेघ ‘ह’ला चिकटायची. ‘ऱ्या’ नीट, ‘ऱ्ह’ मात्र चिकट. एका पत्रिकेत वराचं मूळ गाव तेच होतं. भाच्याने शब्द मोठा करून त्याचं चित्र काढलं आणि इंग्रजीत चार ओळी लिहून फाँटवाल्यांना पाठवल्या. चार महिन्यांनी नव्या आवृत्तीत रेघ सुटी झाली होती. ती एक केसाएवढी जागा, मी भिंग लावून बघितली. पत्रिका कधीच वाटून झाली होती, त्या लग्नाची मंगळागौरही झाली होती. पण पुढे जो कुणी त्या फाँटात बऱ्हाणपूर लिहील त्याला ते नीट मिळेल.

स्क्रायबसचंही पुढे तसंच झालं. २०१७ मध्ये त्याच्या १.५ मालिकेत गुंतागुंतीच्या लिप्या जुळवणारा भाग आला, हार्फबझ नावाचं मोकळं यंत्र वापरून. फायरफॉक्स आणि अँड्रॉइड अक्षरं जुळवतात तेही त्यानेच. अरबी लिहिणाऱ्यांना हवं होतं म्हणून त्यासाठी खपलेल्या माणसांचं काम आपल्या मराठीलाही मिळालं. भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला, काही बोलला नाही. मी कीर्तिमंदिर टाइप केलं. रफार ‘त’च्या डोक्यावर, दोन्ही ऱ्हस्व वेलांट्या डाव्या हाताला, अनुस्वार ‘म’वर. मी तसाच शब्द पुन्हा टाइप केला. अण्णा तेव्हा नव्हते.

२०२४ मध्ये १.६ ही पक्की आवृत्ती आल्यापासून माझी पुस्तकांची बहुतेक कामं त्यातच होतात.

आता कुणी विचारलं की दुकानासाठी काय घेऊ, तर मी किंमत शेवटी विचारते. आधी बघते की उद्या हा प्रोग्रॅम सोडायचा झाला तर माझं काम त्यातून बाहेर कसं पडेल. विकतचा असेल आणि काम मोकळ्या रूपात बाहेर देत असेल तर खुशाल घ्या. मोकळा असेल आणि माझं काम नीट होत नसेल तर थांबा, पण वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा बघा. आणि फुकट असेल तर परवाना वाचल्याशिवाय हात लावू नका, एवढं मी हात धरून सांगते.

काकूंच्या आठवणी सोडवायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. त्या जातीच्या फाँटचा तक्ता, कुठल्या इंग्रजी चिन्हावर कुठलं मराठी चित्र, कुणीतरी बसून बनवला होता आणि सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता. भाच्याने त्यावर एक छोटा प्रोग्रॅम रचला. जुन्या फायलीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर, म्हणून अशी प्रत्येक वेलांटी उचलून एक घर पुढे न्यायची आणि प्रत्येक रफार मागे. डॉलरांच्या रानातून ओळ उमटू लागली तेव्हा पहिला ओळखू आलेला शब्द होता ‘सुरसागर’. राहिलेल्या चुका मी छापील पुस्तक शेजारी ठेवून हाताने काढल्या.

प्रूफ घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन घेतलं आणि बहात्तर पानं दोन दिवसांत वाचली. एकाच जागी खूण होती. एकेचाळीसाव्या पानावर ‘वाहीली’ लिहिलं होतं, दीर्घ.

“ही आमच्याकडून राहिली, सुधारते,” मी म्हटलं.

काकूंनी जुनं पुस्तक उघडून दाखवलं. तिथेही दीर्घच होती. “तुमच्याकडून नाही. ते असंच लिहायचे. मी शेवटपर्यंत सांगत होते.” पेनचं टोपण लावत त्यांनी खुणेवर बोट ठेवलं. “ही खूण खोड. राहू दे ती वेलांटी.”

सव्वाशे प्रतींबरोबर मी त्यांना एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात पीडीएफ, लिब्रेऑफिसची फाइल, नुसता साधा मजकूर आणि वापरलेला मोकळा फाँट. काकूंनी तो हातात फिरवून बघितला. “याला ते लॉक कुठं लावायचं?”

“नाही काकू, याला लॉक नाही.”

त्यांनी तो त्याच वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला आणि पिशवीत, पुस्तकांच्या खाली, तळाशी ठेवला.